नाकताई रक्त मागतात

कोणी शिंकलं की नाकताईंचा चेहरा उजळायचा. बाकीचं जग अशा वेळी दोन पावलं मागे सरकतं. ताई कापसाची काडी घेऊन पुढे सरकायच्या. इन्फ्लुएन्झाची साथ घरात कशी शिरते आणि एकाच घरात एक जण चार दिवसांत कामाला लागतो, तर दुसरा थेट इस्पितळात का पोचतो, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यासाठी त्यांनी एका वस्तीतली काही घरं धरली होती आणि त्या घरांनी ताईंना. ताप आला की लोक आधी ताईंना फोन करायचे, मग डॉक्टरांना. ताईंचं खरं नाव फक्त संस्थेच्या दारावरच्या पाटीला ठाऊक होतं.

उतारवयात ताई नाकावरून रक्तावर आल्या. स्वतःच्याच विद्यार्थ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून आनुवंशिकता शिकल्या. मग एका दुपारी त्याच वस्तीच्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेल्या.

शिंपीणबाईंचा एकुलता एक मुलगा फार वर्षांपूर्वी एका साथीत गेला होता. साधा फ्लू, वर्गातल्या निम्म्या पोरांना झालेला. बाकीची पोरं आठवड्यात खेळायला लागली. सासूबाईंनी कारण तेव्हाच शोधून काढलं होतं : ‘ओल्या डोक्यानं शाळेत धाडलंन् पोराला.’ त्या हे रोज म्हणत नसत, घरात कोणाला सर्दी झाली तरच. पण सर्दी कोणाच्या घरात होत नाही?

“मुलाच्या नाकातून तेव्हा घेतलेला नमुना आमच्याकडे गोठवून ठेवलेला आहे,” ताई म्हणाल्या. “तो आता वेगळ्या पद्धतीनं तपासता येईल. पण तुमची परवानगी हवी, आणि तुमचं सगळ्यांचं रक्त.”

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. “खोट माझ्यातच निघणार. तोंडी ऐकतेच आहे, आता यंत्राकडूनही ऐकू?”

“काय निघेल ते मला माहीत नाही,” ताई म्हणाल्या. माहीत नसण्याचाच त्यांना आजवर पगार मिळाला होता.

तेवढ्यात आतून सासूबाई बाही वर करूनच बाहेर आल्या. “माझं घ्या आधी. लागू दे एकदाचा सोक्षमोक्ष. आमच्या घराण्यात सर्दीनं कोणी गेलेलं नाही.”

इतका उत्साही साक्षीदार ताईंनी कधी पाहिला नव्हता. शिंपीणबाईंनी त्या वर केलेल्या बाहीकडे पाहिलं आणि मशीन थांबवलं.

“घ्या माझंही,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याला कोणी विचारलं नाही. त्यानं सवयीनं हात पुढे केला.

निकाल आला तेव्हा ताई नियमाप्रमाणे म्हणाल्या, “प्रत्येकाला वेगळं सांगते.”

“आमच्याकडे भिंती पातळ आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “इथेच सांगा.”

शिंपीणबाईंनीही मान हलवली. “यांच्यासमोरच सांगा.”

ताईंनी सांगितलं. विषाणू शरीरात शिरला की आत धोक्याची घंटा वाजते. ती वाजवण्याची सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी भागवून नेते. मुलाच्या दोन्ही बिघडलेल्या होत्या. एक शिंपीणबाईंची, दुसरी वडिलांची. आणि वडिलांना ती सासूबाईंकडून आलेली.

“म्हणजे ओल्या डोक्यानं...” शिंपीणबाई थांबल्या.

“डोकं कोरडं असतं तरी हेच झालं असतं. तुम्ही काही केलं म्हणून तो गेला नाही, आणि काही करायचं राहिलं म्हणूनही नाही.”

“परत सांगा.”

ताईंनी शब्द न बदलता परत सांगितलं. परिषदांमध्ये त्या आयुष्यभर बोलल्या होत्या, पण तेच वाक्य पुन्हा ऐकवा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे माझ्यातूनही आलं. आणि इतकी वर्षं मी हिला...”

आता शिंपीणबाईंना रान मोकळं होतं. या दिवसासाठी त्यांनी काही वाक्यं बेतून, शिवून, बटणं लावून तयार ठेवली असणार. त्यांनी त्यातलं एकही बाहेर काढलं नाही.

“आई, त्याचे कान तुमच्यासारखे होते,” त्या म्हणाल्या. “तेही तुम्हीच दिलेत.”

सासूबाईंनी मशीनवरची चिंधी उचलून डोळ्यांना लावली. थोड्या वेळानं त्या चिंधीआडून आवाज आला, “माझ्यात कोणाकडून आलं हे?”

“तुमच्या आईकडून, नाहीतर वडिलांकडून.”

“वडिलांकडून,” सासूबाईंनी तपासणीशिवाय जाहीर केलं. “माझ्या भावाला बोलावते, त्याचंही रक्त घ्या. मी एकटीनंच का ऐकायचं?”

ताई उठल्या. “आभारी आहे,” त्या तिघांकडे पाहून म्हणाल्या. हेच वाक्य त्या प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टाइपात छापत आल्या होत्या.

“आभार आम्ही मानायचे, ताई. आमचं काम तुम्ही करू नका,” शिंपीणबाई म्हणाल्या. “आणि बसा जरा. त्याचा विषय निघाला की या घरात कोणीतरी उठून जायचं. आज कोणी उठायचं नाही.”

सुरुवात सासूबाईंनीच केली. “पाण्याला फार भ्यायचा.”

“कुठलं काय, आई. नाटक करायचा.”

“नाटक? माझ्या मांडीला नखं रुतवायचा तो.”

“तुम्ही उचलून घ्यावं म्हणून!”

“खरंच भ्यायचा तो,” नवरा म्हणाला. दोघींनी एकदमच त्याच्याकडे वळून पाहिलं आणि तोही काय काय आठवून सांगू लागला.