आईच्या लिंबाखालची माती

आमच्या प्रयोगशाळेत देशोदेशीची माती येते. कुठे वाऱ्याने वरचा थर उडवून नेलेला असतो, कुठे शेळ्यांनी गवताचं मूळसुद्धा ठेवलेलं नसतं. कुठे डोंगरावरची झाडं तोडली म्हणून पावसाने शेतच धुऊन नेलं, कुठे अवजड यंत्रांनी जमीन अशी दाबली की तिच्यात खिळा जाईना. पिशवीवरची चिठ्ठी न वाचता मी कारण सांगते, आणि त्याचा मला थोडा माजही आहे.

गेल्या आठवड्यात बाबांची पिशवी आली. आमच्या खालच्या तुकड्यात दोन हंगाम कोंब वर यायचे आणि करपायचे. तिसऱ्यांदा पेरायच्या आधी माती तपासायला पाठवा, म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. निकाल आला तो पहिल्या नंबराच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखा. मला काही पटेना. पिशवीत पुन्हा हात घातला तर लिंबाची दोन वाळकी पानं हाताला लागली. स्वयंपाकघरामागे आईने लावलेल्या लिंबाखालची माती होती ती, तीही चाळून घेतलेली.

रविवारी घरी गेले.

"बाबा, ही खालच्या तुकड्यातली माती?"

बाबा चष्मा पुसायला लागले. "तुझ्या साहेबांसमोर जायची ना. म्हटलं, जरा बरी द्यावी."

"डॉक्टरला शेजाऱ्याची नाडी दाखवता का तुम्ही?"

"वाईट निघाली असती तर चारचौघांत तुझं नाक कापलं गेलं असतं, बाळा."

माझा राग तिथेच विरला.

आम्ही खाली गेलो. जमिनीवर पांढरी खपली धरली होती. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. बांधावरच्या नळातून पाणी वाहतच होतं.

"पाणी किती देता?"

"सकाळ-संध्याकाळ. तुझी आई जाताना म्हणाली होती, हा तुकडा तहानलेला ठेवू नका."

जन्मभर आईचा एक शब्द न ऐकलेले बाबा दोन वर्षं हा शब्द पाळत होते. पिशवी बघून फटकन कारण सांगणाऱ्या मला हे कारण सांगणं जड जात होतं. पण पुढच्या आठवड्यात ते पेरणार होते.

"पाणी जास्त झालंय, बाबा. त्याने खालचं मीठ वर आलं."

त्यांनी वाकून खपलीवर हात फिरवला. "म्हणजे मीच मारली."

"मेली नाही. चर खणू, मीठ धुऊन काढू. वर्ष-दोन वर्षं लागतील. मी येत जाईन दर रविवारी."

ते नळाच्या चावीपाशी गेले, हात ठेवला आणि थांबले. "आणि तुझी आई काय म्हणेल?"

"म्हणेल, आयुष्यात एकदा माझं ऐकलंत, तेही नको तेवढं."

बाबा हसले. किती दिवसांनी हसले. मग डोळे पुसून त्यांनी चावी बंद केली.