तेरा तासांचा दोरा

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे, आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका दुकानात मी टेबलावर बसतो. मालक बोटाला थुंकी लावतो आणि मला फिरवतो. असे दोन महासागर त्याने पुसून टाकले आहेत.

जन्माच्या वेळी मी देखणा होतो. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, त्यांवर संत्र्याच्या फाकांसारखे कागद चिकटवून मला घडवलं. दुकानात आलो तेव्हा माझा तोरा काय सांगू! भिंतीवरच्या सपाट नकाशात जवळची वाट कळत नाही. माझ्यावर दोरा ताणला की कळते. मालकाच्या दोऱ्याला गाठी आहेत, एक गाठ म्हणजे हजार किलोमीटर. लोक म्हणत, "वा, काय डोकं!" डोकं माझं, शाबासकी त्याला.

एक मावशी आल्या. परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आले होते, तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. मावशींना हृदयाची गोळी दर आठ तासांनी घ्यावी लागे, म्हणून त्यांनी नीट विचारलं, "दारापासून दारापर्यंत किती तास, भाऊ?"

मालकाने दोरा ताणला. अकरा गाठी. "तेरा तास, मावशी! डोळा लागतो न लागतो तोच उतरायचं."

तिकीट मात्र त्याने स्वस्तातलं दिलं. वाटेत विमान बदलायचं, मध्ये अकरा तास थांबायचं, शिवाय दोन्हीकडच्या रांगा. एकूण एकोणतीस तास. हे तो बोलला नाही. माझ्या पोटावर दोरा ताणून खोटं बोलला, आणि मी गप्प बसलो. त्या दिवशी मला माझीही शिसारी आली.

मावशींनी पर्समध्ये दोन गोळ्या ठेवल्या. बाकीच्या मोठ्या बॅगेत, आणि बॅग विमानाच्या पोटात.

तीन महिन्यांनी त्या परत आल्या. "मधल्या विमानतळावर फरशीवर कोसळले मी. चार दिवस परक्या दवाखान्यात. लेक तिकडे एकटी बाळंत झाली, दाराकडे बघत."

"पण हवेत तेराच तास होते ना, मावशी?" मालक म्हणाला, आणि त्याने त्यांना फुकट कॅलेंडर देऊ केलं.

"तुझ्या आईला दे ते," मावशी म्हणाल्या. "तिला असंच तिकीट देशील, तेव्हा तिला तरी दिवस मोजता येऊ देत."

त्या गेल्या. पाच मिनिटांत समोर नवं गिऱ्हाईक होतं आणि माझ्यावर दोरा.

मित्रांनो, अंतर मी खरं सांगतो. वेळ माझ्यावर छापलेली नाही. ती मला विचारू नका, विकणाऱ्याला विचारा. कुठे थांबायचं, किती थांबायचं, आजारी माणसाने काय जवळ ठेवायचं, सगळं त्याच्याकडून लिहून घ्या. मला हलवायला मान नाही, नकार देता येत नाही. तुम्हाला आहे. उत्तराऐवजी तो माझ्याकडे बोट दाखवू लागला, तर सोबतच्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरा आणि त्या खुर्चीवरून उठा.