कमी हवेची पेटी

मी बोलतेय, प्रयोगशाळेतली कमी हवेची पेटी. पुढून जाड काच, काचेत दोन भोकं, भोकांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. बाजूचा नायट्रोजनचा सिलिंडर माझ्यातला ऑक्सिजन हाकलून देतो, अगदी थोडा ठेवतो. आत छोट्या बशांत कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी राहतात. पाहुण्या म्हणा.

मला जोडणाऱ्या कारागिराने फटीफटीवर साबणाचा फेस लावून पाहिला होता. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, सुखाने नांद." तशीच नांदतेय. माझी मालकीण म्हणजे संशोधन करणारी ताई. हातमोज्यांत हात घालून पेशींशीही गप्पा मारते. "काय गं बायांनो, अजून जिवंत?"

साफसफाईला वहिनी येतात. घरी अंगावर पिणारं बाळ. काम करता करता सारखा फोन, "सासूबाई, श्वास नीट घेतोय ना तो?" सासूबाई म्हणतात, "घेतोय गं बाई, जरा तूही घे!"

एकदा वहिनींनी विचारलं, "ताई, यात हवा का नाही?"

ताई घाईत होती. "गाठीला हवा मिळाली नाही तर काय होतं ते बघतेय," म्हणाली आणि गेली.

झालं! वहिनींनी त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. दुसऱ्या दिवसापासून वाकताना कण्हायला लागल्या. काच पुसताना इकडेतिकडे बघून त्यांनी ब्लाउजच्या आतली पट्टी आणखी आवळली, तेव्हा मला कळलं. छातीत गाठ लागली होती. कुणाला सांगितली नव्हती. हवा तोडून मारायला निघाल्या होत्या तिला. ओरडून सांगावंसं वाटलं, पण पेटीचं कोण ऐकतं?

मग एक दिवस ताई खुशीत आली. "वहिनी, बघा आमच्या बाया! हवा नाही, तरी ठणठणीत."

वहिनींच्या हातातलं फडकं थांबलं. "मेल्या नाहीत?"

"छे हो! गाठीच्या पोटात रक्तच नीट पोचत नाही, हवेची ओढगस्त नेहमीचीच. साखरेवर भागवतात. कोंडलेल्या चुलीसारखा आत धूर होतो, पेशीला जाळणारा. तर तो पुसायला प्रत्येक पेशीने मोलकरीण ठेवलीय, म्हणजे एक प्रथिन हो! तिला काढायचं औषध शोधतेय मी."

वहिनी फडकं टाकून पुढे आल्या. "ताई, मग माझी मरणार नाही?"

"तुमची कोण?"

वहिनींनी ताईचा हात धरून छातीवर ठेवला. ताईने आधी ती पट्टी सोडवली, मग दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्या दिवशी आतल्या पाहुण्यांकडे मला बघवेना.

वहिनी परत आल्या त्या हसत. "दुधाची गाठ निघाली! सुईने दूध काढलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, आवळून आणखी तुंबवलंस म्हणून." मग कमरेवर हात ठेवून ताईला म्हणाल्या, "आणि काय हो, ती आतली मोलकरीण काढणार? म्हणजे आमच्याच पोटावर पाय!"

ताई इतकी हसली की माझे हातमोजे हलले.

आता माझं बरं चाललंय. काच लखलखीत असते. औषध अजून सापडायचंय, पाहुण्या चिवट आहेत.

बाई गं, तुला कुठे गाठ लागली तर झाकून, आवळून ती जात नाही. कोंडीत कसं जगायचं ते गाठीला येतं, मी रोज बघते. तुझीही साधीच निघेल कदाचित, पण ते सांगायला कुणीतरी हात लावून बघायला हवं. हवा कोंडायचं काम माझं आहे. ते मला करू दे. तू आपली दाखवून ये.