बरं हाय

हॅनानं लिहिलंय की उदगीरात काढलेल्या दहा दिवसांनी तिचं आयुष्य बदललं. बदललं असेल बाई. आमचंही बदललं, पण ते विचारायला कोण बसलंय?

लेख आमच्या पास्टर दयानंदांनी मंडळीच्या ग्रुपवर टाकला, सोबत जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग. ही हॅना जानेवारीत अमेरिकेतल्या कुठल्याशा चर्चच्या टीमबरोबर सेवेला आली होती. नऊ जण होते. त्यांनी रविवारशाळेची भिंत रंगवायला तीन दिवस घेतले. आमच्या संगमेश पेंटरनं ती जेवायच्या सुट्टीआधी उरकली असती. पोरांना फुगे वाटले, शेंगदाण्याची चटणी खाऊन डोळे पुसले आणि रोज संध्याकाळी सभा घेतली. सभेत दुभाषी मी. इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय, खाजगी शाळेत शिकवते, आणि लहानपणापासून त्याच चर्चमध्ये जाते. तेव्हा मीपण लई मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

लेख अर्धा होईपर्यंत मी हसतच वाचत होते. मग आमच्याच मंडळीतल्या नागामावशीचा फोटो आला. खाली लिहिलेलं, ही आमची बहीण नागा, हिला टीबी होता. आम्ही प्रार्थना केली आणि ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली की मी बरी झाले. पास्टर कळवतात की त्याच आठवड्यात तिनं औषधं सोडली, केवढा हा विश्वास!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर मावशीनं गोळ्या सोडल्यात हे मला आज, जुलैत, त्या साता समुद्रापलीकडच्या पोरीकडून कळावं. आणि दुसरं म्हणजे, मावशी तसं म्हणालीच नव्हती.

झालं होतं असं. त्यांच्या टीमचा म्होरक्या, सव्वासहा फुटाचा माणूस, मावशीच्या डोक्यावर हात ठेवून पंधरा मिनिटं प्रार्थना करत होता. आमेन झालं तसं त्यानं विचारलं, आता कसं वाटतंय? मी मावशीला विचारलं, "कसं वाटायलंय, मावशी?" मावशी म्हणाली, "बरं हाय."

आता आमच्याकडं "बरं हाय" म्हणजे काय, हे कुणाला सांगायची गरज आहे का? इकडं माणूस बाजेवर पडून कण्हत असलं तरी विचारलं की बरं हाय म्हणतंय. तो रामरामाचा जबाब आहे, डॉक्टरचा रिपोर्ट नव्हे. पाहुण्यानं विचारलं तर आपलं दुखणं त्याच्या पुढ्यात मांडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी माईकवर म्हटलं, "शी इज वेल."

झालं. हॉल उठून उभा राहिला. गोऱ्या बायका रडल्या, पास्टर आलेलुया म्हणून ओरडले, टाळ्या थांबेनात. मावशी आधी गोंधळली, मग सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून हसली. तोच तो फोटो. मला त्याच क्षणी माईकवर सांगता आलं असतं की थांबा, माझी चूक झाली. पण एवढी माणसं रडत असताना मध्ये कोण बोलणार? मी नाही बोलले. आपल्याला काय करायचंय म्हणून पाणी प्यायला गेले.

आणि खोकला खरंच कमी झाला होता. का नाही होणार? अडीच महिने सरकारी दवाखान्याच्या गोळ्या पोटात जात होत्या. पण श्रेय कुणाला मिळालं? भिंत तीन दिवस रंगवणाऱ्यांना.

फोन पर्समध्ये टाकला आणि आधी पास्टरांना गाठलं. चर्चमध्ये साउंडबॉक्सच्या वायरी गुंडाळत बसले होते. मी विचारलं, म्हातारीनं गोळ्या सोडल्या हे माहीत असून तुम्ही गप्प बसलात, वर ती बातमी अमेरिकेला कळवलीत? ते म्हणाले, मी सोडायला सांगितलं नव्हतं, तिनंच पाकीट माझ्या हातात आणून दिलं, मी कोण नाही म्हणणारा? मी म्हटलं, तुम्ही पाळक ना, मग कळपातलं एक मेंढरू मरायला लागलं तर कोण म्हणणार? माझाही देवावर विश्वास आहे, पण देवानं गोळ्या फेकून द्या असं कुठं म्हटलंय, ते वचन काढून दाखवा. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. त्यांनी वायर खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "भाषांतर तुम्हीच केलं होतं ना, गीतांजलीबाई?"

मी तशीच रिक्षात बसले.

मावशी तिच्या लेकाकडं, वैजनाथकडं राहते, रेल्वे फाटकाच्या पलीकडं. वैजनाथ डाळमिलमध्ये होता. सून शिल्पा ओट्यावर भाकरी थापत होती. मावशी भिंतीला टेकून, मांडीवर दोन वर्षांची नात, तनुजा. मावशीचा चेहरा आज नीट बघितला. गालांची नुसती हाडं उरली होती. दर रविवारी ही बाई माझ्यामागच्या बाकावर बसत होती. मी विचारायचे, ती तेच दोन शब्द म्हणायची आणि मी पुढं व्हायचे.

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, मी काय सांगितलं, चूक माझी कशी झाली. हात जोडले. म्हटलं, तुमची प्रार्थना खोटी नाही, पण गोळ्या सोडू नका, मी स्वतः दवाखान्यात नेते.

मावशीनं पदरात खोकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय ठावं न्हाई व्हय गं? बरं हाय म्हनलं म्हनून मानूस कुठं बरं होतंय का?"

मी विचारलं, मग गोळ्या का सोडल्या? तिनं ओट्याकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. आजार कळला त्या दिवशी शिल्पानं तिचा ताट-तांब्या न्हाणीपाशी नेऊन ठेवला होता. जेवण तिथंच. तनुजाला जवळ फिरकू देत नव्हती. अडीच महिने मावशी दारातून नातीला बघायची. मग सभेत टाळ्या वाजल्या, आणि त्या संध्याकाळी सुनेनं ताट आत घेतलं, पोरगी उचलून मांडीवर दिली.

"आता गोळ्यांचं पाकीट दिसलं की परत ताट भाइर," मावशी म्हणाली. "त्यापरीस ऱ्हाऊ दे. हाय तेवढे दिस मांडीवर ही तर हाय."

चिडायला कुणी उरलंच नाही. हॅना नाही, पास्टर नाही, शिल्पासुद्धा नाही. तिला कधी कुणी नीट सांगितलं होतं? भांड्यानं टीबी पसरत नाही, तोंडावर खोकल्यानं पसरतो. म्हणजे जे आत ठेवायचं ते तिनं बाहेर काढलं होतं, आणि जे लांब ठेवायचं ते पाच-सहा महिने मांडीवर बसवलं होतं. मी हे मोठ्यानं, शिल्पाला ऐकू जाईल असं सांगितलं. तव्यावरची भाकरी जळाली तरी ती हलली नाही.

तेवढ्यात तनुजा खोकली. एकदा, मग परत.

मावशीनं माझ्याकडं बघितलं.

"मंजी ताट आत राहिलं तर चालतंय?" तिनं विचारलं.

"चालतंय मावशी. ताट आतच राहू द्या," मी म्हटलं आणि दोन्ही हात पुढं केले. "तनुजाला द्या माझ्याकडं."