मागं सरका

माणूस हा फार हलका प्राणी आहे. इतकी वर्षं कॉलेजात वर्तनाचं मानसशास्त्र शिकवतोय, आणि दरवर्षी माझं हे मत जास्तच पक्कं होत गेलंय. दाणा दिसला की मान वर, काठी दिसली की मान खाली, आणि मधल्या वेळात स्वतःला विचारवंत समजायचं. उंदीर निदान भाषण तरी करत नाही.

आमच्या घरचे नमुने तर वर्गात नेऊन दाखवावेत असे. आई गेली त्याच संध्याकाळी धाकटा भाऊ सयाजी आणि त्याची बायको निशिगंधा जिन्यात कुजबुजत होते, "आक्काची कुठंतरी सोय बघाय पायजे." आक्का म्हणजे आमची थोरली विधवा बहीण. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं तिनं एकटीनं केलं, आणि आई गेल्याबरोबर ती जड झाली. माझा फ्लॅट लहान, त्यात पुस्तकांनी भरलेला. तेव्हा तिनं सयाजीकडेच राहायचं, हे मी ठरवून टाकलं. सयाजीसारख्यांना विनवण्या करून उपयोग नसतो. त्यांना चार लोकांसमोर गाठावं लागतं.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेकाठी रक्षाविसर्जन होतं. आईच्या आवडीची भाकरी, पिठलं, जिलेबी पानावर मांडली आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. कावळे स्मशानातल्या शेडच्या पत्र्यावर बसलेले होतेच. रोजचे सरावलेले पक्षी ते. माणसं लांब गेली की उतरायचं, हे त्यांना माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं समजतं. म्हणून मी पाहुण्यांना पानाजवळच थोपवून धरलं. "आईला सगळे दिसू देत," म्हणालो. चांगली शिकलीसवरलेली माणसं, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, मेंढरांसारखी चिकटून उभी राहिली.

कावळा येईना.

"म्हातारीची इच्छा ऱ्हायलीया कायतरी," कुणीतरी म्हणालं. सयाजीला घाम फुटला. "आई, वर्षश्राद्ध दणक्यात घालतो!" कावळा हलला नाही. "तुझ्या नावानं चौकात पाणपोई काढतो!" जिवंतपणी यानं तिला पेलाभर पाणी दिलं नव्हतं, आणि आता पाणपोई! मला अगदी किळस आली.

मग मी धोंडुबाई आत्याच्या कानात एक वाक्य सोडलं. आत्याच्या पोटात काही राहत नाही. ती लगेच ओरडली, "आरं सयाजी, आक्काचं बोल की! तिच्यात जीव अडकलाय तुझ्या आईचा!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं हात जोडले. "आई, आक्काला जन्मभर माझ्या घरात ठिवतो. कुठंच जाऊ देणार न्हाय!"

"पावणं, आता जरा मागं सरका," मी म्हणालो.

लोक सरकले आणि कावळ्यानं जिलेबीत चोच घातली. बायकांनी हुंदके दिले. सयाजी तर धाय मोकलून रडला. मी पुस्तकातली गोष्ट स्मशानात करून दाखवली होती, आणि एकालाही पत्ता नव्हता. मी खूश होतो.

नळावर पाय धुताना आक्का शेजारी आली. मी हसलो.

"विश्वा, आत्याच्या कानात तूच बोललास न्हवं?"

"हो. तुझ्यासाठीच."

"मला इचारायचंस तरी. गारगोटीला माझ्या मैतरणीची, अनुजाची खानावळ हाय, तिनं मला खोली दिलीया. पिशवी भरून ठेवलीया मी. एक आईसाठनं अडलं हुतं."

"मग जा की! तुला कोण अडवतंय?"

"कावळा शिवला की रं. आईच्या मनात त्येच हुतं म्हणायचं. आता कसं जाऊ?"

मी घाईघाईनं तिला सगळं सांगितलं. गर्दी मीच थोपवली, मीच मागं सरकवली, कावळ्याला आईचं काही ठाऊक नसतं.

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. जसं मी आजवर लोकांकडे पाहत आलोय, तसं. माझ्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"आईच्या रक्षंजवळ उभा ऱ्हाऊन असलं बोलवतंय तुला?"

ती सयाजीच्या गाडीकडे गेली. निशिगंधानं सरकून तिला जागा करून दिली आणि किरकिरणारं धाकटं पोर तिच्या मांडीवर ठेवलं.