गोठ्यातले शेजारी

मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली, तेव्हा तिच्या खोलीत एक गेमचं कन्सोल मागे राहिलं होतं. पुसून ठेवावं म्हणून हिरोए ताकेनाका यांनी ते उचललं, आणि त्याला आता सतरा वर्षं झाली.

त्यात शेतीचा एक खेळ होता. बंदराजवळच्या त्यांच्या लाँड्रीत दुपारी दोन ते चार कोणी फिरकत नसे. तेवढ्या वेळात हिरोएबाईंनी पडीक माळ नांगरला, भोपळे काढले, तळं खणलं आणि बावन्न जनावरं सांभाळली. जनावर आणलं की त्याला नाव द्यावं लागे आणि पाटीवर एक ओळ लिहावी लागे. बाईंनी गल्लीतल्याच माणसांची नावं दिली. एकेक ओळही लिहिली, अगदी मनापासून. वाचणारं कोण होतं!

"खिडकीतली मिरची वाळून कोळ झाली," नवरा तेरुयोशी म्हणायचा, "आणि इथं बघा, भोपळ्यांचा ढीग!"

"मिरची तुमची होती," हिरोएबाई मान न वळवता म्हणायच्या.

एके दुपारी पडद्यावर आलं, की मेमरी कार्ड वाचता येत नाही. बाईंनी कार्ड काढलं, फुंकर मारली, परत घातलं. तिसऱ्या खेपेला गोठा दिसला. त्याच पावली त्यांनी कार्ड रुमालात गुंडाळलं आणि जुन्या इलेक्ट्रिक वस्तू विकणाऱ्या कुझुमाकीचं दुकान गाठलं. हा कुझुमाकी पंचेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि जुन्या गेमांसाठी जीव टाकणारा.

"काकू, ह्या कार्डाचा काही भरवसा नाही," तो म्हणाला. "आतला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ."

"उतरवला की इथला जाईल?"

"नाही हो. नक्कल निघते. जनावरं जिथल्या तिथं."

काड्यापेटीएवढ्या एका डबीत त्यानं कार्ड खोचलं आणि डबीची केबल कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर एक हिरवी रेघ सरकू लागली. ती टोकाला पोचेपर्यंत हिरोएबाईंनी श्वास घेतला नाही. मग नीट उतरलंय का बघायला कुझुमाकीनं तो खेळ कॉम्प्युटरवरच उघडला, आणि किंचाळलाच.

"काकू! सोनेरी तुऱ्याची कोंबडी! ही खेळात नाहीच, नुसती अफवा आहे म्हणतात लोक!"

"अफवा कसली? पंधरा वर्षं रोज हाक मारली की येते."

"पंधरा वर्षं! अहो, हे नेटवर टाकू या. कोणीही ही फाइल घेईल, आपल्या कन्सोलवर चढवेल आणि तुमच्या गोठ्यात हिंडेल."

"अनोळखी माणसं?"

"देशभरची!"

बाईंना पाट्या आठवल्या. पण दूरच्या शहरांतल्या लोकांना आपली गल्ली काय माहीत? शिवाय सतरा वर्षांत त्यांच्या भोपळ्यांना कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या 'बरं' म्हणाल्या.

दोन आठवड्यांत चौदाशे लोकांनी फाइल उतरवून घेतली. कुझुमाकीचा आनंद पोटात मावेना. ज्येष्ठांच्या सन्मानदिनाला गल्लीच्या सभागृहात सगळे जमले, अझुकी हे तांबडं कडधान्य घातलेला लाल भात वाढून झाला, हिरोएबाईंनी मुळ्याचं लोणचं फिरवलं. इतक्यात कुझुमाकी उठला. "मंडळी, आपल्यातल्या एक बाई देशभर गाजतायत! बघा!" आणि त्यानं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गोठा उघडला.

हिरोएबाईंच्या हातून लोणच्याचं ताट कलंडलं.

पडद्यावर एक बोकड होता. 'नागासावा अध्यक्ष. ओरडतो फार, काम शून्य.' गल्लीचे अध्यक्ष नागासावा पहिल्याच रांगेत बसले होते. शेजारी गाय. 'ओरिहारा. दुसरीच्या गव्हाणीत तोंड घालते.' मग एक मेंढा. 'डॉक्टर उसुई. लोकर कापताना स्वतःच रडतो.' उसुई गल्लीतले दाताचे डॉक्टर. मग कुत्रा. 'तेरुयोशी. झोपला आहे.' तोवर सगळ्यांत मोठ्यानं हसणारे तेरुयोशी एकदम गप्प झाले.

हिरोएबाई धावल्या आणि भिंतीतला प्लग उपटला. चहाचा बंब बंद पडला. बोकड होता तिथंच.

"दुसरी म्हणजे कोण हो?" ओरिहाराबाईंनी विचारलं.

उसुई डॉक्टरांना हसू फुटलं. नागासावांनी मात्र चष्मा पुसला, परत लावला. "त्या बोकडाच्या डोक्यावर काय आहे? ती लाल चिन्हं?"

"बदाम, अध्यक्ष," कुझुमाकी चाचरत म्हणाला. "जनावराला किती जीव लावलाय ते दाखवतात. दहापैकी दहा. म्हणजे काकूंनी रोज तुम्हाला नावानं हाक मारून कुरवाळलंय. एक दिवस चुकला तरी बदाम उतरतो."

"रोज?" नागासावा म्हणाले. "माझी बायकोसुद्धा..." आणि त्यांनी वाक्य गिळलं, कारण बायको शेजारीच होती.

"माझे किती?" ओरिहाराबाई पुढे सरकल्या. दहा. डॉक्टरांचे दहा. झोपलेल्या कुत्र्याचेसुद्धा दहा. मग एकच गलका उडाला. ज्याला त्याला आपापलं जनावर बघायचं होतं.

"आणि मी कुठं आहे?"

हा आवाज फुसाए मुरोई यांचा. त्यांचं फुलांचं दुकान लाँड्रीच्या बरोब्बर समोर. कुझुमाकीनं गायी बघितल्या, कोंबड्या बघितल्या, शेवटी बदकंही बघितली. फुसाए कुठंच नव्हती.

"पस्तीस वर्षं समोरासमोर!" फुसाएबाई कडाडल्या. "ही ओरिहारा गाय झाली, आणि मी साधी कोंबडीही नाही?" भात तसाच टाकून त्या चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला फुसाएबाई लाँड्रीत आल्या आणि काउंटरवर एक रेशमी किमोनो आपटला. "धुवायचाय."

हिरोएबाईंचा चेहरा पडला. "फुसाएताई, खरं सांगू? कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावते ना, त्याच वाचून मी नावं ठेवत गेले. तुम्ही सगळं घरीच धुता. तुमची चिठ्ठी कधी हातात आलीच नाही."

"मग आता लिहा. ठळक."

हिरोएबाईंनी लिहिली. मग हलकेच विचारलं, "कोण व्हायचंय?"

"घोडी," फुसाएबाई तत्काळ म्हणाल्या. रात्रभर विचार केलेला दिसत होता.

दोघी आतल्या खोलीत बसल्या. हिरोएबाईंनी घोडी आणली. पाटीवरची ओळ फुसाएबाईंनी स्वतः सांगितली, पण ती इतकी लांबली की 'देखणी, मानी' इथंच जागा संपली. मग त्यांनी कंट्रोलर हातात घेतला आणि घोडी थेट तळ्यात घातली.

"वळवा, वळवा!" हिरोएबाई ओरडल्या.

"वळतेय कुठं ती! अगदी तुमच्यासारखी हट्टी आहे!"

तासाभरानं कुठं घोडी काठाला लागली. दोघींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

पुढच्या आठवड्यात कुझुमाकीनं नवी फाइल नेटवर चढवली. आठच दिवसांत उत्तरेकडच्या कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला, तो घेऊन कुझुमाकी धावतच फुलांच्या दुकानात शिरला. "बाई, तो विचारतोय, फुसाए नावाची घोडी जवळ गेलं की चावते. काय करावं?"

फुसाएबाईंनी शेवंतीचे देठ छाटता छाटता विचार केला.

"आधी नावानं हाक मार म्हणावं. आणि अरे-तुरे करू नकोस."