टाळ्यांची जागा

सिनेमाच्या मदुरैतल्या पहिल्या खेळाला चोक्कलिंगमनं खुर्चीची तिकिटं काढली, ती काही ऐपत होती म्हणून नव्हे. बाकावर बसायचं तर बायकांची बाजू निराळी, आणि बायकोला, सोर्णमला, त्या रेटारेटीत एकटीला कुणाच्या भरवशावर सोडणार? काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले होते. पडदा पांढरा की काळा तेही तिला कळणार नव्हतं. ती आली होती नवऱ्याचा आवाज ऐकायला. आणि तो आवाज म्हणजे केवढा, तर एक वाक्य.

हा सिनेमा ज्या नाटकावरून काढला, ते एके काळी अख्खं त्याचं होतं. गावोगावच्या मांडवांत तो त्यातल्या बापाचं काम करायचा. शेवटच्या अंकात पोरं घर विकून मोकळी होतात, म्हातारा बाप उंबऱ्यावर बसतो आणि म्हणतो, "ज्यांना मी चालायला शिकवलं, तेच आज मला वाट दाखवतायत." एवढं म्हटलं की लोक मांडव डोक्यावर घेत. बायका पदरानं डोळे पुसत, बाप्ये शिट्ट्या मारत. तो सगळा कल्लोळ ओसरला की मग घरातला जुना गडी पुढं होऊन मालकाला म्हणे, "अय्या, मी आहे ना." सोर्णम विंगेत सुंठीची कॉफी घेऊन बसलेली असायची. हजारदा ऐकूनही तिथं तिला रडू यायचंच.

पुढं कंपनी बुडाली. चोक्कलिंगम एका कापडदुकानात सुंगुडी साड्यांच्या घड्या घालायला लागला. मग मद्रासच्या लोकांनी नाटक सिनेमासाठी घेतलं. बापाचं काम अर्थातच बड्या नायकाकडे गेलं. जुना माणूस म्हणून चोक्कलिंगमला गड्याचं दिलं. दिलं म्हणजे काय, तोंडाला पानं पुसली.

सोर्णमला मात्र त्याचं काही नव्हतं. "एकच वाक्य का असेना, तुमचं आहे ना?" ती म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की दिवस मला खायला उठतो. आता कंटाळा आला की शेजारच्या पार्वतीला घेऊन जाईन आणि तुम्हाला ऐकून येईन."

मद्रासला कोडंबाक्कमच्या स्टुडिओत चित्रीकरणाच्या दिवशी नायकानं ते वाक्य असं म्हटलं की चोक्कलिंगमच्या अंगावर काटा आला. कॅमेरा त्याच्याकडे वळला आणि हा गप्प उभा.

"काय अय्या, विसरलात?" दिग्दर्शक वरदराजन म्हणाला.

"नाही हो. ते... टाळ्या संपायची वाट बघत होतो."

सगळे खो खो हसले. "इथं कोण टाळ्या वाजवणार? दिवेवाले?"

पुन्हा घेतलं. पुन्हा हा थांबला. मनाला कितीही बजावलं तरी जीभ ऐकेना. त्या जागी थांबायचं हे तिच्यात मुरलेलं होतं. शेवटी नायकच जवळ आला. बिचारा चांगला माणूस. म्हणाला, "अण्णे, माझं पुरतं संपायची वाटच बघू नका. लगेच उचला." चोक्कलिंगमनं लगेच उचललं, वरदराजन खूश झाला, आणि हा मान खाली घालून रंग पुसायला गेला. नवख्या पोरासारखी चूक, आणि तीही या वयात.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा सोर्णम पोट धरून हसली होती. "जन्मभर टाळ्या खाल्ल्यात," ती म्हणाली, "जाईल कशी एवढ्यात सवय."

आज ती केसांत मोगरा माळून बसली होती, आणि तो पडद्यावरचं एकेक तिच्या कानात सांगत होता. मध्यंतरात त्यानं तिला चकलीसारखा मुरुक्कू आणून दिला, तर तिनं तो हातातच धरून ठेवला. दातांच्या आवाजात काही चुकायला नको, म्हणे.

उंबरा आला. नायक बसला.

"आता," चोक्कलिंगम म्हणाला.

सोर्णमनं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि मान कलती करून कान पुढं केला. नायकानं वाक्य टाकलं.

थिएटर फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, कागदांचे कपटे. पुढं कुणीतरी नायकाला ओवाळायला पडद्यासमोर कापूर पेटवला. पडद्यावर चोक्कलिंगमचे ओठ हलले. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही. लोक शांत झाले तेव्हा गडी पाठमोरा होऊन गाडीत सामान चढवत होता.

उद्याही असंच होणार होतं, परवाही. पार्वतीला घेऊन ती किती वेळा आली तरी असंच. ज्या टाळ्यांवर त्याचं आयुष्य गेलं, त्यांनीच त्याला गिळलं होतं.

सोर्णमचा कान अजून पुढंच होता. मग हळूहळू त्याच्या मनगटावरची तिची पकड सैल झाली. नाटकवाल्याची बायको ती, तिला सांगायची गरज नव्हती.

"टाळ्यांत गेलं होय?"

"हं."

"थांबला नाहीत?"

"थांबू दिलं नाही गं."

तिच्या गालावरून पाणी ओघळताना त्याला दिसलं, आणि त्याला राहवेना. तो तिच्याकडे झुकला. "अय्या, मी आहे ना," तो म्हणाला, अगदी हळू. पण नटाचं हळू ते, चार रांगांना ऐकू गेलं.

"ओ आजोबा," मागून कुणीतरी खेकसलं, "घरी जाऊन बोला की. सिनेमा ऐकू द्या."

सोर्णमनं चाचपडत त्याचा हात पुन्हा धरला.

"अय्या नको," ती म्हणाली. "ते मालकाला. मला नुसतं म्हणा."

चोक्कलिंगमनं तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत रंगमंचावर तो एक शब्द कधी विसरला नव्हता. आताही विसरला नव्हता, पण भूमिकेशिवाय, नुसतं, हे त्यानं कधी म्हटलंच नव्हतं. ती कान पुढं करून वाट बघत राहिली.